शटडाऊन घेऊन गळती काढली की चार दिवसांत दुसरीकडेच गळती, नेमकं काय चुकतंय?

ज्युनियर_इंजि:

नमस्कार मंडळी. मी सिव्हिल इंजिनिअर, दीड वर्षापासून एका मोठ्या पाण्याच्या लाईनच्या मेंटेनन्सला आहे. एम.एस. (साध्या पोलादाचा) पाईप, व्यास १००० मिमी, मूळ प्लेट ८ मिमी, पंप हाऊसपासून वरच्या टाकीपर्यंत साधारण १८ किमी, निम्मी जमिनीवर सॅडलवर (पाईप ज्यावर टेकतो ते आधार) आणि निम्मी गाडलेली. कॉलेजात कॉलम-बीम-स्लॅब भरपूर झालं, पाईपच्या नावानं हेझन-विल्यम्सचं सूत्र आणि दोन गणितं, बास. इथं आल्यावर कळलं की काम म्हणजे रोज लाईनच्या कडेनं चालायचं, चेंबर उघडायचे, कुठं जमीन ओली दिसते, कुठं भर उन्हात गवत उगाच हिरवंगार आहे ते बघायचं, आणि गळती सापडली की शटडाऊन (लाईन बंद ठेवणं), रात्रभर वेल्डिंग, पहाटे चार्जिंग (लाईन परत पाण्यानं भरणं). काम आवडतंय, मनापासून आवडतंय, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

यंदा तीनदा असं झालं. शटडाऊन घेतला, गळती काढली, लाईन चार्ज केली, सगळं व्यवस्थित. आणि मग तीन-चार दिवसांत भलतीकडेच गळती. पहिल्यांदा तिथून अडीच किमीवर जमिनीवरच्या भागातला स्लीव्ह जॉइंट (दोन पाईप जोडणारा, थोडा सरकू शकणारा रबरी सांधा) सरकला आणि रबर बाहेर आलं. दुसऱ्यांदा एका एअर व्हॉल्व्हच्या (लाईनीतली हवा आत-बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) फ्लँजचं, म्हणजे बोल्टच्या सांध्याचं, गॅस्केट गेलं. मागच्या आठवड्यात पाच वर्षांपूर्वी मारलेला पॅच कडेनं उसवला. आम्ही केलेली दुरुस्ती मात्र तिन्ही वेळा शाबूत आहे.

सीनियर म्हणतात लाईन जुनी झालीय, असंच चालायचं. पण जुनी आहे म्हणून गळत असेल तर कधीही गळावी ना, शटडाऊननंतरच का? पंप हाऊसचं रजिस्टर मी स्वतः बघितलं, गेजची तासातासाची नोंद आहे, प्रेशर कुठंही वाढलेलं नाही.

आमची पद्धत सांगतो म्हणजे चूक असेल तर कळेल. शटडाऊनला मधला ६ किमीचा भाग रिकामा करतो, दोन्हीकडचे बटरफ्लाय (लाईन अडवणारे मोठे व्हॉल्व्ह) बंद करून खालचा स्कोअर व्हॉल्व्ह (तळातून पाणी बाहेर काढणारा) पूर्ण उघडतो म्हणजे लवकर रिकामा होतो. काम झालं की स्कोअर बंद, बटरफ्लाय उघडायचे, एक पंप चालू करायचा, दीड तासात भाग भरतो, मग दुसरा पंप. लोक पाण्याची वाट बघत असतात त्यामुळं भरताना घाई असतेच. कुणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा.


तीस_वर्षं_लाईनवर:

प्रश्न फार नीट विचारलाय, आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा तुम्हीच शेवटी जाता जाता लिहून गेलात. ६ किमी दीड तासात भरतो म्हणजे ताशी ४ किमी. माणूस चालतो त्या वेगानं पाण्याचा लोंढा रिकाम्या पाईपातून पुढं येतोय. सेकंदाला मोजलं तर १.१ मीटर. रिकामी लाईन भरताना हा वेग ०.३ मीटरच्या वर जाऊ द्यायचा नसतो, म्हणजे तासाला साधारण एक किमी. तुमच्या भागाला साडेपाच-सहा तास लागले पाहिजेत.

आता वेगानं एवढं काय बिघडतं ते बघा. त्या ६ किमीत जवळपास ४,७०० घनमीटर हवा आहे. पाणी आत यायचं तर ही सगळी हवा एअर व्हॉल्व्हमधून बाहेर पडली पाहिजे. हळू भरलं तर ती सुसू करत निघून जाते, शेवटी पाणी वर येतं, आतला चेंडू अलगद उचलला जातो आणि भोक बंद होतं. जोरात भरलं तर दोनपैकी एक होतं. जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असेल तर हवेच्या झोतानंच चेंडू उडून वर चिकटतो, पाणी यायच्या आधीच मोठं भोक बंद, आणि अर्धी हवा आतच अडकते. नाहीतर सगळी हवा झटक्यात निघून जाते आणि दोन्ही बाजूंनी येणारं पाणी एकमेकांवर आदळून एकदम थांबतं. पाण्याचा वेग एका सेकंदात नाही तर एका क्षणात शून्य झाला की काय होतं ते वॉटर हॅमरच्या गणितात आहे: स्टीलच्या पाईपात प्रेशरची लाट सेकंदाला साधारण १००० मीटर धावते, त्यामुळं दर १ मीटर वेग अडला की १०० मीटरच्या आसपास हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) चढतं. तुमचा वेग अर्धा मीटरनं जरी अडला तरी ५० मीटर, म्हणजे ५ बार, तेही चालू प्रेशरच्या वर. हे गणित निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाण्याच्या लाईनींवर प्रयोग करून मांडलं, अजून आपण तेच वापरतो.

गेजवर का दिसत नाही? १८ किमीच्या लाईनीत ही लाट एका टोकाहून निघून परत यायला ३६ सेकंद लागतात, आणि प्रत्यक्ष दणका त्याहून खूप कमी वेळ टिकतो. तासाला एकदा काटा बघून रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्या माणसाला तो दिसणारच नाही, त्यात त्याचा काही दोष नाही. वर तुमचा दणका मधल्या उंचवट्यावर बसतोय आणि गेज आहे पंप हाऊसला.

आणि चार दिवस का लागतात हाही तुमचा प्रश्न बरोबर आहे. एक तर दणक्यानं गॅस्केट थोडंसं हललेलं असतं, वेल्डला केसाएवढी चीर गेलेली असते, त्यातून पाणी झिरपत झिरपत वर दिसायला वेळ लागतो. दुसरं म्हणजे अडकलेली हवा जागच्या जागी बसून राहत नाही. ती उंचवट्याच्या पुढच्या उताराला जाऊन पाईपच्या पाठीला चिकटते, तिथं पाण्याला जायला जागा कमी पडते, आणि पंप बंद-चालू झाला की तो हवेचा गोळा स्प्रिंगसारखा दबतो आणि सुटतो. प्रत्येक वेळी जवळच्या सांध्याला धक्का. लाईट गेली, पंप ट्रिप झाला असं मधल्या चार दिवसांत एकदा तरी झालंच असेल, नोंद काढून बघा.

एक सांगतो, मी नोकरीत पहिली दहा वर्षं चार्जिंगच्या वेळी पंप हाऊसमध्येच बसायचो, कारण सगळी बटणं तिथं. मग एकदा एका म्हाताऱ्या व्हॉल्व्हमननं मला रात्री सगळ्यात उंचावरच्या एअर व्हॉल्व्हपाशी नेऊन बसवलं. चेंबरच्या कडेला बसलो. आधी नुसती गार हवा तोंडावर, पाईपच्या आतला तो जुन्या लोखंडाचा आणि चिखलाचा वास. मग हळूहळू आवाज वाढला, शिट्टी व्हायला लागली, चेंबरमधली वाळलेली पानं उडून वर आली, मग हवेत पाण्याचे तुषार, आणि मग एकदम खालून असा दणका की आम्ही बसलो होतो ते काँक्रीट हललं. त्यानं काही न बोलता माझ्याकडं बघितलं. त्या दिवसानंतर मी चार्जिंगला कधी पंप हाऊसमध्ये थांबलो नाही. माणूस समिटवर (लाईनीच्या उंचवट्यावर) बसवायचा, त्याच्या हातात वॉकी-टॉकी द्यायचा, आणि शिट्टी ऐकू आली की पाणी कमी करायचं, एवढं साधं आहे ते.

रिकामी करण्याचाही तेवढाच विचार करा. स्कोअर पूर्ण उघडता म्हणजे पाणी जोरात निघतं, त्याची जागा घ्यायला हवा आत आली पाहिजे. एअर व्हॉल्व्ह जाम असेल तर आत व्हॅक्यूम तयार होतो आणि बाहेरून वातावरणाचा दाब, चौरस मीटरला १० टन. १००० मिमीचा ८ मिमी प्लेटचा गोल पाईप हे सहन करतो. ६ मिमीचा अगदी काठावर. कारण पाईप चेपण्याला जो विरोध असतो तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो, ८ ची ६ झाली की ताकद निम्म्याहूनही कमी. आणि गंजून कुठं ६ झालीय ते तुम्हाला वरून दिसत नाही. पाईप चेपला नाही तरी व्हॅक्यूमनं सांध्याचं रबर आत ओढलं जातं, ते परत आपल्या जागी नीट बसत नाही, आणि भरल्यावर तिथूनच गळतं.

तर माझं म्हणणं एवढंच की लाईन चालू असताना जेवढी झिजत नाही तेवढी बंद-चालू करताना मार खाते. आधी सगळे एअर व्हॉल्व्ह तपासा आणि मग पुन्हा लिहा.


व्हॉल्व्हची_किल्ली:

साहेबांनी बरोबर सांगितलंय. मी इंजिनिअर नाही, बावीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवतोय. माझ्याकडून दोन-तीन गोष्टी.

व्हॉल्व्ह बंद करताना सुरुवातीचे फेरे कितीही फिरवा, पाणी फारसं कमी होत नाही. खरं पाणी अडतं ते शेवटच्या थोड्या फेऱ्यांत. आणि लोक करतात उलटं, सुरुवातीला जपून आणि शेवटी "आलं आलं" म्हणून दोघं मिळून गरागरा. शेवटचे फेरे थांबत थांबत घ्यायचे, दोन फेरे, थोडं थांबा, कान लावा, परत दोन फेरे. उघडताना पण तसंच, पहिले फेरे हळू.

प्रत्येक व्हॉल्व्हचे पूर्ण फेरे किती ते मोजून चेंबरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं लिहून ठेवा. मी आमच्या लाईनवर सगळीकडं लिहिलंय. नाहीतर नवीन पोरगा येतो, फेरे संपलेत का व्हॉल्व्ह अडकलाय ते त्याला कळत नाही, तो किल्लीला पाईप घालून जोर लावतो आणि स्पिंडल तुटतं. एकदा आमच्याकडं असंच स्पिंडल तुटलं आणि गेट अर्ध्यात लोंबकळत राहिलं, ना बंद ना चालू, तो एक व्हॉल्व्ह बदलायला दोन दिवस पाणी बंद ठेवावं लागलं. व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा तरी थोडा फिरवून परत जागेवर आणायचा. जो पाच वर्षं फिरला नाही तो शटडाऊनच्या रात्री फिरणार नाही.

बायपास (मोठ्या व्हॉल्व्हला वळसा घालणारी छोटी नळी) असेल तर आधी बायपास उघडा, दोन्हीकडं प्रेशर सारखं होऊ द्या, मगच मोठा उघडा. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला रिकामं असताना मोठ्या व्हॉल्व्हला हात लावला की गेटवर सगळा भार येतो, फिरत पण नाही आणि फिरला तर पाणी उसळतं.

आणि चेंबरमध्ये, पाईपमध्ये एकटं उतरायचं नाही. घाण वास आला नाही म्हणजे हवा चांगली आहे असं नाही. बंद जागेत लोखंड गंजतं ते आतली हवा खाऊनच गंजतं, त्याला वास नसतो. माणूस शिडीवरून उतरतो आणि खाली बसतो, उठतच नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो. मी हे बघितलंय, जास्त लिहीत नाही.


गंज_आणि_वेल्ड:

मी पाईप वेल्डिंग आणि कोटिंगच्या इन्स्पेक्शनमध्ये आहे. हवेचं म्हणणं पटलं पण तीनपैकी तीन हवेवर घालू नका, जरा थांबा.

स्लीव्ह जॉइंट सरकलाय तो जमिनीवरच्या भागातला, बरोबर? तिथं मला उन्हाचा संशय येतो. लाईन भरलेली असते तेव्हा पाईप पाण्याच्या तापमानाच्या जवळपास राहतो. रिकामी केली की तीच लोखंडी नळी उन्हात तापते, रात्री गार होते. ३० अंशांचा फरक पडला तर एक किमी पाईप ३६ सेंटीमीटरनं लांब होतो, आणि ती लांबी एक्सपान्शन जॉइंट आणि स्लीव्हमध्येच जिरावी लागते. तुमचे सॅडल स्वच्छ आणि वंगण लावलेले असतील तर पाईप सगळीकडं थोडा थोडा सरकतो. सॅडल गंजून पाईपला चिकटलेले असतील, किंवा मधल्या अँकर ब्लॉकला (पाईप धरून ठेवणारा काँक्रीटचा ठोकळा) तडा गेला असेल, तर सगळी हालचाल एखाद्याच कमजोर सांध्यात जाते. त्या जॉइंटच्या दोन्ही बाजूंचे सॅडल जाऊन बघा, पाईपवर घासल्याच्या ताज्या रेघा आहेत का. नसतील तर तो सॅडल काम करत नाहीये. पुढच्या वेळी रिकामी करायच्या आधी प्रत्येक स्लीव्हवर खडूनं नाही, पंचनं खूण करा आणि भरल्यावर किती मिमी सरकला ते लिहा.

याच्याबरोबर थ्रस्टचं, म्हणजे पाण्याच्या दाबानं पाईप ढकलला जातो त्या जोराचं, पण बघा. १००० मिमीच्या लाईनीत १० बार प्रेशर असेल तर बंद टोकावर ८० टन जोर असतो, काटकोनात वळण असेल तर ११० टनांच्या वर. हा जोर झेलायला ब्लॉक असतो. पावसात ब्लॉकच्या पाठीमागची माती वाहून गेली असेल तर ब्लॉक दिसायला जागेवर आणि कामाला शून्य. तुम्ही सिव्हिलचे आहात, हे तुमचंच काम आहे आणि ते इतर कुणी बघत नाही.

आता पॅच. पाच वर्षांपूर्वीचा पॅच कडेनं उसवला म्हणता, तर पॅच बहुतेक पातळ झालेल्या प्लेटवर मारलाय. भोकाच्या भोवती बोटभर जागा सोडून प्लेट लावतात, पण भोक पडलं म्हणजे आसपासचाही भाग गंजलेला असणारच. अल्ट्रासोनिक जाडी मापक घ्या, भोकाच्या चारी बाजूंना ५-५ सेंटीमीटरवर मापं घेत बाहेर जा, जिथं प्लेट पुरेशी जाड मिळते तिथपर्यंत पॅच न्या. कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि चीर तिथूनच सुरू होते. आणि ओल्यात वेल्ड करू नका. मला माहितीये की बंद व्हॉल्व्हमधून थोडं तरी पाणी येतंच आणि तळाला पाण्याची धार चालू असते, वेल्डर बिचारा त्यातच इलेक्ट्रोड टेकवत बसतो. तो वेल्ड दिसायला भरतो पण आत हायड्रोजन जाऊन ठिसूळ होतो, त्यात भोकं राहतात. आत वाळूच्या गोण्यांचा छोटा बंधारा घाला, मागचं पाणी छोट्या पंपानं काढा, प्लेट टॉर्चनं कोरडी करा, मग वेल्ड. एक तास जास्त जाईल. झाल्यावर डाय पेनिट्रंट (चिरेत शिरणारा रंग) मारून बघा, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे आणि चीर असली तर लाल रेघ स्वतः बोलते.

अजून एक जागा सांगतो जिथं मला सगळ्यात जास्त गंज सापडतो. गाडलेला पाईप जिथं काँक्रीटच्या ब्लॉकमधून बाहेर मातीत येतो, तिथं ब्लॉकला लागून अगदी हातभर अंतरात. काँक्रीटमधलं स्टील सुरक्षित असतं आणि मातीतलं नसतं, दोन्ही एकाच पाईपाचे भाग, मग त्यांच्यात बॅटरी तयार होते आणि मातीतला भाग खाल्ला जातो. तसंच पाईप जमिनीत शिरतो ती जागा. तुमच्या लाईनला कॅथोडिक प्रोटेक्शन (बारीक विद्युतप्रवाहानं गंज रोखणारी यंत्रणा) असेल तर कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोड टेकवून पाईपचं पोटेन्शियल बघा, -०.८५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त ऋण मिळालं पाहिजे. -०.६ वगैरे दाखवत असेल तर ती यंत्रणा नुसती नावाला चालू आहे.


ज्युनियर_इंजि:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. शनिवारी आणि रविवारी दोन्ही दिवस लाईनवर होतो, त्या ६ किमीतले सगळे चेंबर उघडले. जे सापडलं ते बघून रात्री झोप लागली नाही.

एकूण ७ एअर व्हॉल्व्ह आहेत. त्यातल्या ३ व्हॉल्व्हच्या खालचा आयसोलेशन व्हॉल्व्ह पूर्ण बंद! म्हणजे वर एअर व्हॉल्व्ह आहे, रंग दिलेला आहे, ड्रॉइंगवर आहे, तपासणीच्या यादीत टिक पण आहे, आणि प्रत्यक्षात तो लाईनला जोडलेलाच नाही. विचारलं तर कळलं की दोन-तीन वर्षांपूर्वी त्यातून पाणी ठिबकत होतं म्हणून कुणीतरी तात्पुरता बंद केला आणि ते तसंच राहिलं. आणखी एकाचा चेंबर गढूळ पाण्यानं व्हॉल्व्हच्या तोंडापर्यंत भरलेला. स्लीव्ह जॉइंटच्या बाजूचे चार सॅडल बघितले, तिघांवर घासल्याची एकही रेघ नाही, गंजून पाईपला धरलेत. आणि पंप ट्रिपची नोंद काढली, तिन्ही वेळा मधल्या दिवसांत ट्रिप आहेच, एकदा तर दिवसात दोनदा.

आता प्रश्न असा की पंपानं एवढं हळू भरायचं कसं? एक पंप चालू केला की तो त्याचं पाणी देणारच ना.


तीस_वर्षं_लाईनवर:

७ पैकी ३ बंद. मला वाईट वाटलं पण आश्चर्य वाटलं नाही, मी जिथं जिथं गेलो तिथं हेच सापडलंय. ठिबकणारा एअर व्हॉल्व्ह दिसतो म्हणून लोक तो बंद करतात, आणि त्यामुळं फुटणारा पाईप दोन किमी लांब असतो म्हणून कुणी दोन्ही जोडत नाही. ठिबकण्याचं कारण बहुतेक वेळा चेंडूखालचं रबर सीट किंवा त्यात अडकलेला खडा, अर्ध्या तासाचं काम आहे.

तो भरलेला चेंबर मात्र आजच उपसा, उद्यावर नको. लाईन रिकामी होताना किंवा पंप ट्रिप होताना आत व्हॅक्यूम आला की तो एअर व्हॉल्व्ह हवा नाही, ते गढूळ पाणी आत ओढेल. ते पाणी लोक पितात. चेंबरला निचरा करून द्या, जमत नसेल तर एअर व्हॉल्व्हचं तोंड पाईप लावून जमिनीच्या वर न्या आणि त्याला जाळी बसवा. याच कारणासाठी दुरुस्तीत जे नवीन तुकडे, गॅस्केट वापराल ते आतून १ टक्का हायपोक्लोराइटनं पुसून घ्या, आणि चार्ज केल्यावर स्कोअरमधून पाणी स्वच्छ येईपर्यंत फ्लश करून, क्लोरीन तपासूनच टाकीकडं सोडा.

हळू भरण्याबद्दल. रिकाम्या लाईनीवर पंप चालवला की समोर हेड नसतं, तो नेहमीपेक्षाही जास्त पाणी फेकतो आणि मोटार ओव्हरलोड होते. म्हणून डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडासाच उघडून त्याला आवळून धरायचं, अँपिअरवर लक्ष ठेवायचं. पण त्याहून चांगलं म्हणजे शक्य असेल तर पंपानं भरूच नका. वर टाकी आहे ना तुमच्याकडं? तिच्यात पाणी राखून ठेवा आणि वरच्या बटरफ्लायच्या बायपासमधून उलटं, उतारानं भरा. बायपासमधून जेवढं जाईल तेवढंच जाईल, घाई करायची म्हटलं तरी करता येत नाही. भाग भरला, सगळ्या समिटवरून हवा संपून स्वच्छ पाणी आल्याचं कळलं, की मग खालचा बायपास उघडून प्रेशर सारखं करा आणि शेवटी पंप.

आणि लोकांना पाण्याची वेळ सांगताना हे सहा-सात तास आधीच धरून सांगा. घाई यामुळंच होते की शटडाऊन मंजूर करून घेताना वेल्डिंगचे तास मोजले जातात, रिकामं करायचे आणि भरायचे मोजलेच जात नाहीत. कागदावर तीन ओळी लिहा, रिकामी करणे, काम, भरणे, आणि तिन्हीला तास द्या. हे वरिष्ठांशी आधी बोलून घ्यावं लागतं, रात्री दोनला फोनवर भांडून होत नाही.

अजून एक. प्रत्येक छोट्या गळतीला शटडाऊन घेऊ नका. हलक्यात घ्या असं म्हणत नाहीये, ५० मीटर हेडला १० मिमीच्या भोकातून दिवसाला सव्वा लाख लिटर पाणी जातं, ते डोळ्यांनी बघवत नाही. पण भोकाच्या भोवतीची प्लेट चांगली असेल तर चालू लाईनीवर रबर घालून क्लॅम्प आवळता येतो. क्लॅम्प लावा, नोंद करा, आणि अशी पाच-सहा कामं जमवून एकच शटडाऊन घ्या. त्यात एअर व्हॉल्व्हची सर्व्हिसिंग पण उरकते.


ज्युनियर_इंजि:

अपडेट देतोय, खूप जणांनी मेसेज करून विचारलं होतं.

महिनाभर तयारी केली. तिन्ही बंद एअर व्हॉल्व्ह खोलले, दोघांचं सीट बदललं, एकाच्या आत खरंच खडा होता, सुपारीएवढा. चिकटलेले सॅडल सोडवून वंगण लावलं. सीनियरना सगळे फोटो दाखवले, ते काही बोलले नाहीत, पण शटडाऊनचा अर्ज त्यांनी स्वतः दुरुस्त केला आणि भरण्यासाठी ७ तास वेगळे लिहिले. सेकंदाला अनेक वेळा प्रेशर नोंदवणारा एक लॉगर पण मिळवून दिला, तो सगळ्यात उंच समिटवर लावला.

परवा शटडाऊन झाला. जुन्या पॅचच्या जागी जाडी मोजत गेलो तर भोकापासून २० सेंटीमीटरपर्यंत प्लेट साडेचार-पाच मिमीच होती, म्हणून पूर्ण नवीन तुकडाच बसवला. आणि भरताना मी समिटवर बसलो, आमच्या व्हॉल्व्हमन काकांबरोबर. टाकीकडून बायपासनं पाणी सोडलं. चार तास नुसती हवा. तुम्ही लिहिलंय तसा तो लोखंडाचा वास. शिट्टी अशी झालीच नाही, एकदा जरा आवाज चढल्यासारखा वाटला तर काकांनी लगेच वरच्या माणसाला अर्धा फेरा कमी करायला सांगितला. मग पहाटे साडेचारच्या सुमारास आत पाणी चढल्याची गुळगुळ ऐकू आली, तोंडावर थोडे तुषार, आणि चेंडू वर बसल्याचा टक असा आवाज, दार हळूच लावल्यासारखा. बास. काका म्हणाले, "एवढाच आवाज यायला पाहिजे."

लॉगरवर सगळ्यात मोठा चढ ०.६ बारचा आहे. आधीच्या वेळी किती असेल ते आता कळायला मार्ग नाही.

आज दुसराच दिवस आहे त्यामुळं अजून काही म्हणत नाही, रोज सकाळी सहाही किमी चालतोय. एका फ्लँजला ठिबक आहे, बोल्ट आवळून बघतोय. उरलेल्या १२ किमीतले एअर व्हॉल्व्ह पुढच्या आठवड्यापासून घेणार. @गंज_आणि_वेल्ड, ब्लॉकला लागून खणून बघायचं असेल तर चालू प्रेशरवर ब्लॉकच्या मागची माती काढणं धोक्याचं होईल ना? कुठल्या बाजूनं आणि किती खणावं ते सांगाल का?


गंज_आणि_वेल्ड:

चालू प्रेशरवर जोर ज्या बाजूला जातो त्या बाजूची, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूची माती अजिबात हलवायची नाही, एक फावडंसुद्धा नाही. पाईप ब्लॉकमधून जिथं सरळ भागात बाहेर पडतो तिथं, पाईपच्या वरून हातानं खणा, मशीन नको, एका वेळी मीटरभरच लांबी आणि पाईपच्या कमरेपर्यंतच. कोटिंग दिसलं की लाकडी पट्टीनं साफ करा. फुगलेलं किंवा पोकळ वाजणारं कोटिंग असेल तर तेवढंच काढून जाडी मोजा, आणि जाडी कमी निघाली तर तिथं खरवडत बसू नका, कोटिंगचा पॅच लावून माती परत दाबून भरा आणि शटडाऊनच्या यादीत टाका. फोटो इथं टाका, बघून सांगतो.